काचपट्टीवरचं आकाश

आधी दात हलले.
सात वर्षांच्या पोराचे दात हलायचेच,
कोणी लक्ष दिलं नाही.
मग नुकत्याच आलेल्या दाढा हलल्या,
ज्या हलायच्या नसतात.
सोमवारी गालात लिंबाएवढं काहीतरी,
पुढच्या शुक्रवारी डावा डोळा बंद.
वैदूने ब्लेडच्या तीन रेघा मारून राख चोळली.
आरोग्यकेंद्राने मलेरियाच्या गोळ्या दिल्या;
तापाला आमच्याकडे दुसरं नाव नसतं.

एनेलेसी त्याला पाठीला बांधून
मांगोचीहून ब्लांटायरला आली,
मिनीबसमध्ये दोघांत एक तिकीट.
पोराचं नाव मायेसो.
आमच्या भाषेत मायेसो म्हणजे परीक्षा.
आधीची दोन गेली, म्हणून हे नाव.

सुई डॉक्टरांनी घातली.
थेंब मी काचेवर पसरला, वाळवला, रंगवला.
माझं काम इतकंच. वीस वर्षांत
पोरं मला क्वचितच दिसली,
दिसल्या त्या त्यांच्या पेशी.

ती प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली.
"माझ्या पोराच्या गालात काय आहे, मला बघायचंय."
नियमात बसत नाही. मी स्टूल सरकवलं.
एक डोळा मिट, म्हटलं.

बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, "रात्रीचं तळं आहे हे.
उसिपा धरायला कंदील लावून गेलेल्या होड्या.
त्यातली एक आमची असायची."

"असायची" मी ऐकलं. विचारलं नाही.

"म्हणजे हे दिवे आजार?"
नाही. आजार तो काळोख.
एकीला एक चिकटलेल्या निळ्या-काळ्या पेशी,
दिवस-दीड दिवसात दुप्पट होणाऱ्या.
दिवे म्हणजे त्याचंच शरीर,
मेलेल्या पेशी गिळत फिरणारं.
"पुरतील?"
एकटे नाही पुरत.

मग सलाईन. औषधाआधी पाणी, औषधानंतर पाणी,
कारण गाठ विरघळते तेव्हा
तिचा कचरा मूत्रपिंडात तुंबतो.
सिस्टर न्यिरोंगो रात्रभर लघवी मोजायची
बाटलीवर पेनाने खुणा करून.
पाठीच्या मणक्यांतही सुई,
काळोखाला मेंदूची वाट ठाऊक असते म्हणून.
मायेसो सिस्टरला चावला.

पाचव्या दिवशी डोळा उघडला.
सातव्या दिवशी गाल गालासारखा,
त्याने न्सीमा मागितली, वर मासाही.
संध्याकाळी एनेलेसीने चितेंजेत भांडी बांधली.
"बरा झाला की. मका उभा आहे, माकडं खातील."

उद्या दुसरा डोस होता.
सिस्टरने मला बोलावलं. मी वॉर्डात जात नाही,
पण गेलो.

म्हटलं, हे तुझ्या हातून झालेलं नाही,
कुणी करणीही केलेली नाही.
डासांच्या मुलखातच हा आजार का फोफावतो
ते आम्हालाही अर्धंच उमगलंय.
आज थेंब घेतला तर मला काळोख दिसणार नाही.
मला दिसत नाही, एवढंच.
उरलाय तो. दुप्पट होत होत परत येईल,
आणि परत येताना औषधाला ओळखून असेल.

"आणखी किती?"
तीन. शेवटचा अठ्ठाविसाव्या दिवशी.
"मग नक्की?"
पुष्कळ पोरं जगतात, म्हणालो. सगळी नाही.

शेजारच्या खाटेची चादर सकाळीच बदलली होती.
तिने ती पाहिली. मीही.

मग गाठोड्याची गाठ सोडली.
आधी पेला काढला, मग पातेलं,
आणि कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाली,
"खाऊ देत माकडांना."

निघालो तर मायेसोने माझा कोट धरला.
"माझ्या गालात बघणारे तुम्हीच का?"
हो.
त्याने मूठ उघडली. आत चिंधीत बांधलेली
एक दाढ, मुळासकट.
"ही परत बसेल?"
नाही रे. ही एकदाच येते.

इतक्या सुयांनंतरही
तेव्हाच तो खरा रडला.